मायट्रल व्हॉल्व्ह आणि छातीतली धडधड: आधी ठोका पकडा, मग डॉक्टरकडे जा

मायट्रल व्हॉल्व्हचा त्रास असलेल्या माणसाला धडधड झाली की बहुतेक वेळा असं होतं. रात्री दोनला छातीत फडफड सुरू होते, माणूस घाबरून उठून बसतो, घरचे पाणी देतात, अर्ध्या तासात सगळं आपोआप थांबतं. सकाळी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढला तर नॉर्मल, टूडी एको परत केला तर तो गेल्या वर्षीसारखाच, मग "टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी, आणि पंधरा दिवसांनी परत रात्री दोन.

यात चूक कोणाची म्हणाल तर क्रमाची. एकोत व्हॉल्व्ह दिसतो, रात्री दोनला ठोका कसा पडत होता ते एकोत दिसत नाही. सकाळच्या ईसीजीत सकाळचा ठोका असतो. धडधड चालू असतानाची ईसीजीची पट्टी हातात नसेल तर चांगला डॉक्टरसुद्धा अंदाजच करणार. मला स्वतःला प्रोलॅप्स (झडपेच्या पाकळ्या सैल होणं) आहे आणि मी दोन वर्षांत तीन एको करून बसलो होतो, शेवटी उलगडा झाला तो तीस सेकंदांच्या एका पट्टीने. मी डॉक्टर नाही, गोळी सुरू करणं, बंद करणं, बदलणं हे सगळं तुमच्या डॉक्टरांचं काम. पण त्यांच्यापर्यंत काय घेऊन जायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितोय.

## १. आपल्या व्हॉल्व्हला नक्की काय झालंय ते आधी रिपोर्टमध्ये शोधा

"मला व्हॉल्व्हचा प्रॉब्लेम आहे" एवढं पुरत नाही. मायट्रल व्हॉल्व्ह म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्या मधली झडप, तिला दोन पाकळ्या असतात. ती तीन तऱ्हांनी बिघडते आणि प्रत्येक तऱ्हेत ठोक्याची भानगड वेगळी असते.

अरुंद व्हॉल्व्ह (स्टेनोसिस). बहुतेक वेळा लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाचा परिणाम. रक्त वरच्या कप्प्यातून खाली उतरताना अडतं, वरचा कप्पा ताणून मोठा होतो आणि ताणलेल्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं, म्हणजे वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो. यांच्यात वेग फार महत्त्वाचा. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये भरतं, ठोके पळायला लागले की भरायची वेळ कमी होते, अरुंद दारातून तेवढ्या वेळात रक्त उतरत नाही आणि ते मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून काल जिना चढणारा माणूस आज ठोका १४० ला गेला की उशीवर डोकंसुद्धा टेकवू शकत नाही, व्हॉल्व्ह कालचाच असला तरी.

गळका व्हॉल्व्ह (रिगर्जिटेशन). रक्त उलटं वर जातं, इथेही वरचा कप्पा मोठा होतो आणि फिब्रिलेशन येतं, फक्त बऱ्याचदा सावकाश.

प्रोलॅप्स. पाकळ्या सैल होऊन वर फुगतात. साधारण १०० माणसांत २-३ जणांना असतो आणि त्यातल्या बहुतेकांचं आयुष्य त्यामुळे काही बिघडत नाही, हे वाक्य दोनदा वाचा. यांच्यात जास्त करून खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके असतात, ज्यांना डॉक्टर पीव्हीसी किंवा व्हीपीसी म्हणतात. अगदी थोड्या लोकांत मात्र धोकादायक रिदम (ठोक्यांचा ताल) होऊ शकतो, त्यांची लक्षणं पुढे आठव्या टप्प्यात.

आता एकोचा रिपोर्ट काढा आणि एका कोऱ्या कागदावर एवढं उतरवून घ्या:

- स्टेनोसिस असेल तर व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ. नॉर्मल ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, दीड किंवा त्याच्या खाली गेलं की गंभीर धरतात.
- गळती माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर.
- डाव्या वरच्या कप्प्याचा आकार. व्हॉल्यूम इंडेक्स (शरीराच्या आकाराच्या मानाने कप्प्याचं आकारमान) दिला असेल तर ३४ मिली प्रति चौरस मीटरपर्यंत नॉर्मल.
- इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो.
- प्रोलॅप्स असेल तर एक पाकळी की दोन्ही, आणि "अॅन्युलर डिसजंक्शन" असा शब्द कुठे आहे का. म्हणजे झडपेची कड स्नायूला जिथे चिकटायला हवी तिथे न चिकटता थोडी वर सरकलेली असते. हे बऱ्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नसतं, म्हणून नसेल तर विचारून घ्या.

तपासून घ्या: जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून वरच्या कप्प्याचा आकार वाढतोय का बघितलंत? एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते.

## २. नाडी मोजायला शिका, पण काही होत नसताना

धडधड चालू असताना पहिल्यांदा नाडी शोधायला गेलात तर सापडत नाही आणि सापडली नाही म्हणून अजून घाबरायला होतं. म्हणून एक आठवडा रोज, बरं वाटत असताना सराव करा.

पाच मिनिटं शांत बसा. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटाच्या खळग्यात दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा, अंगठा नको, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय असेल तर ती इथे सोडा, कारण ताल बिघडलेला असताना त्या पंधरा सेकंदांत काहीही येऊ शकतं.

आकड्याबरोबर ताल बघा, खरं म्हणजे आकड्यापेक्षा ताल आधी बघा. तीनच प्रकार लक्षात ठेवा:

- सरळ एका लयीत, फक्त वेगात.
- लय आहे पण मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग थोडी पोकळी आणि पुढचा जोरात. हे बहुतेक वेळा जादा ठोक्यांचं चित्र. खरं तर ठोका गळालेला नसतो, लवकर पडलेला असतो, लवकर पडल्यामुळे त्यात रक्त कमी असतं आणि मनगटापर्यंत तो पोचत नाही, नंतरच्या विश्रांतीत हृदय जास्त भरतं म्हणून पुढचा धाडकन जाणवतो. लोकांना भीती वाटते ती त्या धाडकनची.
- कुठलाच ताल नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं, काही ठोके मोठे काही बारीक. हे असेल तर फिब्रिलेशनचा संशय.

सावधान: बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन ठोका मोजत नाहीत, बोटापर्यंत किंवा दंडापर्यंत पोचलेली लाट मोजतात. एक सरळ एक जादा अशी जोडी चालू असेल तर मशीन ३८ दाखवेल आणि हृदय प्रत्यक्षात ७६ वेळा पडत असेल. ३८ बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. अशा वेळी छातीला कान लावून किंवा स्टेथोस्कोपने मोजा, दोन्ही आकडे लिहा, हा फरक डॉक्टरला उपयोगी पडतो.

## ३. धडधड सुरू झाली: पहिली पाच मिनिटं, याच क्रमाने

१. जिथे आहात तिथे बसा. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. उभं राहून फेऱ्या मारू नका.

२. धोक्याची लक्षणं आहेत का बघा (यादी खाली). त्यातलं एकही असेल तर पुढचं काही करू नका, पट्टी नाही, वही नाही, सरळ आपत्कालीन मदत बोलवा.

३. घड्याळात वेळ बघा आणि लक्षात ठेवा.

४. घड्याळाचा किंवा खिशातला ईसीजी असेल तर आत्ता काढा. नाडी नंतर, बीपी नंतर, फोन करणं नंतर. झटके बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत संपतात आणि लोक ती दोन मिनिटं बीपीचा पट्टा शोधण्यात घालवतात.

५. आता नाडी ६० सेकंद.

६. मग बीपी, एक एक मिनिट थांबून तीनदा. ठोका अनियमित असला की बीपीचं एकच रीडिंग भरवशाचं नसतं.

७. थांबलं कसं ते बघा. बटण बंद केल्यासारखं खटकन, की हळूहळू उतरत गेलं? खटकन सुरू आणि खटकन बंद हे एका प्रकारच्या रिदमचं लक्षण असतं आणि हळूहळू चढून हळूहळू उतरणं हे बऱ्याचदा घाबरल्यामुळे, तापामुळे किंवा अंगात पाणी कमी पडल्यामुळे वाढलेल्या साध्या वेगाचं. हा प्रश्न डॉक्टर विचारतातच आणि ९० टक्के लोक म्हणतात "लक्ष नाही गेलं". (टक्का माझा हिशोब, सगळ्यांचं तसंच होतं एवढंच म्हणायचंय.)

लगेच निघायची लक्षणं:

- शुद्ध हरपली, किंवा डोळ्यांपुढे अंधार येऊन खाली कोसळलात. व्यायाम करताना किंवा पळताना झालं असेल तर अजूनच गंभीर.
- छातीत दाब किंवा दुखणं.
- बसून असतानाही दम, आडवं पडता न येणं, गुलाबी फेस असलेला खोकला.
- तोंड एका बाजूला वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळणं. फिब्रिलेशनवाल्यात गुठळी मेंदूत गेल्याची ही खूण आणि इथे मिनिटं मोजली जातात. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचंच.
- बसून असताना ठोका १२० च्या वर आणि अर्ध्या तासात उतरत नाही. स्टेनोसिसवाल्यांनी अर्धा तासही थांबू नये.
- आयसीडी (धोकादायक ठोका थांबवायला आतून शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) बसवलेला असेल आणि शॉक बसून बरं वाटत नसेल, किंवा एकापाठोपाठ शॉक बसले.

श्वास रोखून जोर लावायचा, गार पाण्यात तोंड बुडवायचं असे उपाय लोक सांगतात. काही ठराविक प्रकारच्या वेगवान ठोक्यांत ते खरंच चालतात, पण फिब्रिलेशन त्याने थांबत नाही आणि जादा ठोकेही नाहीत. तुमच्या डॉक्टरने तुमचा रिदम बघून शिकवलं असेल तरच करा. मानेवरची नस दाबणं घरी कधीच नाही.

## ४. घड्याळाच्या ईसीजीची पट्टी वाया कशी जाते

आधी एक घोळ मिटवतो. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा नाडी बघतो, तो ईसीजी नव्हे. ईसीजीसाठी दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर ठेवून ३० सेकंद थांबावं लागतं. "घड्याळ म्हणालं ठोका अनियमित" ही सूचना म्हणजे संशय, पट्टी म्हणजे पुरावा.

पट्टी चांगली यायची तर बसा, दोन्ही हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवा, घड्याळ मनगटावर घट्ट, कातडी कोरडी, बोलायचं नाही, हलायचं नाही. हात हवेत धरून काढलेल्या पट्टीत दंडाच्या स्नायूंची थरथर येते आणि ती फिब्रिलेशनसारखी दिसू शकते.

तीन पट्ट्या काढा, एक नाही. प्रत्येकीला लगेच दोन शब्दांची नोंद जोडा, "जिन्यानंतर, फडफड" वगैरे. पीडीएफ करून सेव्ह करा, स्क्रीनचा फोटो नको कारण त्यात मोजमापाच्या चौकटी कापल्या जातात.

आणि घड्याळाने खाली लिहिलेल्या शेऱ्यावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी. जादा ठोके खूप असले की "निष्कर्ष नाही" असं येतं, लोक ती पट्टी डिलीट करतात, आणि नेमकी तीच डॉक्टरला हवी असते. उलट "साधा रिदम" लिहिलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा ईसीजी असतो तो, हार्ट अटॅक त्यात कळत नाही, त्यामुळे छाती दुखत असताना घड्याळ नॉर्मल म्हणालं म्हणून घरी बसू नका.

एकदा काही होत नसतानाची, शांत बसलेली पट्टीही काढून ठेवा. तुलनेला ती लागते आणि कोणीच काढत नाही.

## ५. वही: सहा रकाने, जास्त नाही

लोक एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा तीन पानी निबंध लिहितात. डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात. तारीख-वेळ, किती वेळ टिकलं, नाडी आणि ताल, तेव्हा काय करत होतात, बरोबर काय जाणवलं, आणि आधीच्या बारा तासांत वेगळं काय झालं, बास.

शेवटच्या रकान्यात खरा माल असतो. अपुरी झोप, दारू, ताप, जुलाब, उपाशीपोटी दिवस, नवीन औषध. सर्दीच्या गोळ्या विशेष बघा, नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिनने धडधड वाढू शकते. दम्याच्या पंपानेही ठोका वाढतो, पण म्हणून पंप स्वतःहून बंद करू नका, सांगा फक्त. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल तर तेही.

कॉफी-चहाबद्दल एवढंच सांगतो की बंद करण्याआधी वही बघा. बऱ्याच लोकांना बेताच्या कॅफिनने काही होत नाही आणि ते उगाच वर्षानुवर्षं पथ्य पाळतात. दारूचं तसं नाही, एका बैठकीत जास्त झाली की दुसऱ्या दिवशी फिब्रिलेशन येणं ही जुनी ओळखीची गोष्ट आहे.

घोरणं आणि दिवसा पेंग येणं घरच्यांना विचारून लिहा. झोपेत श्वास अडकत असेल तर फिब्रिलेशन परत परत येतं आणि नुसत्या गोळ्यांनी ते आवरत नाही.

तपासून घ्या: चार आठवडे झाले का? त्यात एक तरी झटका पट्टीसकट नोंदवला गेला का? धडधड बारीक असेल, धोक्याचं काही नसेल आणि डॉक्टरची वेळ तशीही पुढची असेल तरच चार आठवड्यांची चैन. नाडीचा ताल पूर्णच गेलेला असेल तर वहीसाठी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

## ६. हॉल्टर लावायचा तर असा

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे वाया जातो. हॉल्टर २४ किंवा ४८ तास ठोके नोंदवतो. ज्याला महिन्यातून एकदा धडधड होते त्याने २४ तासांचा हॉल्टर लावून "काही निघालं नाही" म्हणणं म्हणजे महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याची एक दिवस दारात वाट बघणं. म्हणून मुदत आपल्या वहीवरून ठरवायला सांगा: रोज होत असेल तर २४-४८ तास, आठवड्यातून एकदा तर छातीवर चिकटवायचा ७ ते १४ दिवसांचा पॅच, महिन्यातून एकदा किंवा कमी पण चक्कर येऊन पडण्याइतकं गंभीर असेल तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, जो तीनेक वर्षं चालतो.

लावायच्या दिवशी आधी अंघोळ करून घ्या कारण नंतर साध्या हॉल्टरला पाणी चालत नाही. छातीला तेल, पावडर, क्रीम काही नको. पुढून उघडणारा शर्ट घाला. चालू गोळ्या घ्यायच्या की नाही ते आधी विचारा, आपल्या मनाने बंद करून गेलात तर रिपोर्ट भलताच येईल.

लावल्यावर घरी येऊन झोपून राहू नका! ही चूक इतकी सर्रास होते की काय सांगू. मशीन लावलंय म्हणून दिवसभर पलंगावर, आणि धडधड तर जिना चढल्यावर व्हायची. नेहमीचा दिवस जगा, डॉक्टरने व्यायामाला मनाई केलेली नसेल तर जे केल्यावर होतं ते करा, फक्त घाम येऊन चकत्या सुटणार नाहीत एवढं बघा. काही जाणवलं की बटण दाबा आणि वेळ लिहा, मशीनच्या घड्याळाची वेळ, भिंतीवरच्या नाही.

रिपोर्ट आला की हे वाचा:

- एकूण जादा ठोके टक्क्यांत. दिवसाला साधारण १ लाख ठोके पडतात. त्यामुळे "५०० व्हीपीसी" वाचून हादरू नका, ते अर्धा टक्का झाले. १० हजार म्हणजे १० टक्के, तिथून पुढे सततच्या जादा ठोक्यांनी हृदयाचा स्नायूच थकतो का याकडे डॉक्टर लक्ष ठेवायला लागतात.
- सलग तीन किंवा जास्त जादा ठोक्यांची रांग आहे का, आणि सगळे एकाच आकाराचे की वेगवेगळ्या आकारांचे.
- फिब्रिलेशन सापडलं का, सर्वात लांब किती मिनिटं.
- तुम्ही बटण दाबलंत तेव्हा रिदम काय होता. प्रोलॅप्सवाल्यांनी हे नक्की बघा. भयंकर धडधड जाणवली त्या मिनिटाला रिदम साफ नॉर्मल होता असं खूपदा निघतं, आणि रांग पडली तेव्हा माणूस निवांत झोपलेला होता असंही. जाणवणं आणि घडणं यांची जोडी लागत नाही, म्हणून तर नोंद लागते.

## ७. रक्ताच्या तपासण्या, पटकन

पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी). लघवीची गोळी चालू असेल तर पहिले दोन नक्की, कारण ती दोन्ही बाहेर काढते. अॅनिमिया आणि थायरॉईड हे दोघं व्हॉल्व्हच्या नावावर खपून जातात.

## ८. डॉक्टरसमोर

फाइलमध्ये क्रम असा लावा: वर पहिल्या टप्प्यातला एक पानी कागद, मग वही, मग पट्ट्या, मग हॉल्टर, सगळ्यात खाली जुने एको. गोळ्यांची यादी मिलिग्रॅमसकट. मग हे प्रश्न विचारा, लिहून न्या कारण आत गेल्यावर विसरायला होतं:

- हा रिदम वरच्या कप्प्यातून येतोय की खालच्या?
- मला रक्त पातळ करायची गोळी लागेल का, आणि कोणत्या प्रकारची?
- रिदममुळे व्हॉल्व्हच्या ऑपरेशनची वेळ बदलते का? गंभीर गळती असलेल्याला नव्याने फिब्रिलेशन सुरू झालं तर ती ऑपरेशनचा विचार करायची वेळ असू शकते, आणि इजेक्शन फ्रॅक्शन ६० किंवा त्याच्या खाली आलं तर तेही. गळक्या व्हॉल्व्हमध्ये ६० हा आकडा चांगला वाटतो पण चांगला नसतो, रक्त उलट्या बाजूलाही सहज जात असल्यामुळे तो फुगून दिसतो.

प्रोलॅप्सवाल्यांनी खालच्यापैकी काही असेल तर न विचारता स्वतःहून सांगा: कारण न कळता शुद्ध गेली होती, जवळच्या नात्यात तरुण वयात अचानक मृत्यू, दोन्ही पाकळ्या सैल, अॅन्युलर डिसजंक्शन, ईसीजीत खालच्या लीडमध्ये टी वेव्ह उलट्या, वेगवेगळ्या आकारांचे जादा ठोके. अशा वेळी डॉक्टर हृदयाचा एमआरआय सांगतात, स्नायूत व्रण आहेत का बघायला. यातलं काही नसेल तर मोठा व्यायाम करू का हा प्रश्न विचारून टाका आणि बहुतेक वेळा मिळणाऱ्या "हो" वर विश्वास ठेवा.

## ९. रक्त पातळ करायची गोळी: इथे चूक महाग पडते

फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. अरुंद व्हॉल्व्ह असलेल्यांत हा धोका फारच जास्त, इतका की इतरांना वय, बीपी, शुगरचे गुण मोजून गोळी ठरवतात पण मॉडरेट किंवा गंभीर स्टेनोसिस आणि फिब्रिलेशन एकत्र असेल तर गुण मोजत बसत नाहीत, गोळी लागतेच.

आता कोणती. नव्या गोळ्या (अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान) सोयीच्या, रक्त तपासायला नको. प्रोलॅप्स किंवा गळतीवाल्याला फिब्रिलेशन असेल तर त्या चालतात. पण मॉडरेट-गंभीर मायट्रल स्टेनोसिस आणि धातूचा व्हॉल्व्ह, या दोघांना नाही. त्यांना वॉरफरिन किंवा त्याच जातीची गोळी. २०२२ साली आलेल्या इन्व्हिक्टस नावाच्या मोठ्या चाचणीत संधिवाताच्या व्हॉल्व्हवाल्यांत रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या जातीच्या गोळीने मृत्यू कमी झाले. त्यामुळे शेजारच्या काकांची नवी गोळी बघून "मलाही तीच द्या" म्हणू नका. अॅस्पिरिन ही यांच्या जागी चालणारी गोळी नाही, तो गैरसमज अजून जात नाहीये.

वॉरफरिनवाल्यांसाठी:

१. आयएनआरचं (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) लक्ष्य कागदावर लिहून घ्या. स्टेनोसिस आणि फिब्रिलेशनला सहसा २ ते ३, धातूच्या मायट्रल व्हॉल्व्हला सहसा २.५ ते ३.५. स्वतःचा आकडा माहीत नसलेले लोक दहा-दहा वर्षं गोळी खात असतात.

२. रोज एकच वेळ, संध्याकाळची बरी, म्हणजे सकाळी आयएनआर आला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो.

३. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. विसरल्याची नोंद मात्र करा, नाहीतर आयएनआर कमी आला म्हणून उगाच डोस वाढवला जातो.

४. नवं पाकीट आणलं की मिलिग्रॅम वाचा, रंगावर जाऊ नका. वॉरफरिनच्या जागी एसेनोकुमारॉल (त्याच जातीची दुसरी गोळी) आलं असेल तर थांबा, दोघांचे मिलिग्रॅम सारखे नसतात.

५. दुसरं कोणतंही औषध सुरू झालं की विचारा. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, कोट्रायमोक्साझोल, अमिओडेरॉन यांनी आयएनआर वर उडतो, रिफाम्पिसिनने खाली येतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या टाळा, रक्तस्राव होतो.

६. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, रोज साधारण सारख्या खायच्या असतात. महिनाभर बंद आणि मग एकदम भरपूर, यानेच आकडा नाचतो.

सावधान: डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवा. काळं शौच, थांबत नसलेलं नाकातलं रक्त, लघवीत रक्त, तसंच. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगा, दिवस गेल्यावर नाही, वॉरफरिनने बाळाला अपाय होऊ शकतो.

## १०. ठोका सावरणाऱ्या गोळ्या

बीटा ब्लॉकर (ठोका मंद ठेवणारी गोळी) एकदम बंद करायची नाही. बरं वाटतंय म्हणून लोक सोडतात आणि ठोका आधीपेक्षा जोरात उसळतो. कमी करायची ती पायरीपायरीने, डॉक्टरच्या हिशोबाने. डिगॉक्सिन चालू असताना मळमळ, भूक जाणं, पिवळं दिसणं सुरू झालं तर ते अपचन समजू नका, औषध अंगात साठल्याची खूण असू शकते, पोटॅशियम कमी असेल किंवा किडनी मंद असेल तर जास्तच. अमिओडेरॉनवर थायरॉईड आणि लिव्हरच्या तपासण्या ठरावीक काळाने होतायत ना ते तुम्हीच बघा, आणि वॉरफरिनवर असताना ते सुरू झालं तर पुढचे कित्येक आठवडे आयएनआर लवकर लवकर करावा लागतो.

## ११. शॉक, अॅब्लेशन (ताल बिघडवणारी जागा आतून निकामी करणं) किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर

ठरवून दिलेल्या शॉकने ठोका जागेवर आणायचा असेल तर आधी किमान ३ आठवडे रक्त पातळ करायची गोळी न चुकता, नाहीतर घशातून नळी घालून केलेल्या एकोने गुठळी नाही हे बघून. नंतर किमान ४ आठवडे चालूच. आधीच्या तीन आठवड्यांत एक गोळी चुकली असेल तर लाजू नका, सांगा. तारीख पुढे जाईल एवढंच, सांगितलं नाही तर गुठळी सुटू शकते.

व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं असेल आणि फिब्रिलेशनही असेल तर त्याच बैठकीत रिदमचं काम (मेझ म्हणतात त्याला) आणि वरच्या कप्प्याचा कोपरा बंद करणं शक्य आहे का हे आधी विचारा, छाती बंद झाल्यावर हा प्रश्न उपयोगाचा नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत फिब्रिलेशन येणं नेहमीचं आहे, ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही.

आणि ठोका परत साधा झाला म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपोआप बंद होत नाही. ती व्हॉल्व्हवर आणि गुठळीच्या धोक्यावर ठरते, आज नाडी कशी लागतेय यावर नाही. डिस्चार्जच्या कागदावर "किती दिवस" हा रकाना रिकामा असेल तर घरी निघायच्या आधी तो भरून घ्या.